वाईन चाखायला निघालात? जाण्यापूर्वी एवढे वाचून जा



पावसाळ्यातले डेंग्यू-चिकुनगुनियाचे ताप ओसरू लागले आणि दसरा-दिवाळी जवळ आली, की माझ्या ओपीडीतले प्रश्न बदलतात. तपासणी संपते, चिठ्ठी हातात जाते आणि उठता उठता पेशंट आवाज थोडा खाली आणून विचारतो, "डॉक्टर, दारू तर मी सोडलीच आहे. पण वाईन चालते ना? रेड वाईन हार्टला चांगली असते म्हणतात." काही जण त्याही पुढे जाऊन सांगतात, "दिवाळीत पोरं येणारेत पुण्याहून. शिर्डीला दर्शन करायचं आणि तसंच पुढे नाशिकला वाईनरी बघायला जायचं ठरलंय."

खरे सांगायचे तर यंदा मीही त्या वाटेवर आहे. आमच्या एमबीबीएसच्या बॅचचे मित्र दिवाळीनंतर नाशिकला जमणार आहेत आणि एका सकाळी वाईन टेस्टिंगचा कार्यक्रम आहे. मी त्याची मनापासून वाट पाहतो आहे. त्यामुळे या लेखात मी कोणाला कीर्तन ऐकवणार नाही. मात्र ओपीडीत दोन मिनिटांत देता न येणारे उत्तर इथे नीट देणार आहे.

शरद ऋतू त्यांचा आणि आपला

फ्रान्स, इटली, जर्मनी या देशांत द्राक्षांची काढणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणून तिकडे शरदात वाईनचे उत्सव असतात. फ्रान्समध्ये नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्याच वर्षीची ताजी 'बोजोले नूवो' वाईन बाजारात येते आणि तो दिवस सणासारखा साजरा होतो.

आपल्याकडे गणित उलटे आहे. संगमनेर, राहाता किंवा श्रीगोंद्याकडच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. शरदात तो ऑक्टोबर छाटणीत गुंतलेला असतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या केल्यावर जानेवारी ते मार्चमध्ये माल हाती येतो. वाईनच्या द्राक्षांचेही तसेच. म्हणून नाशिकचा २००८ साली सुरू झालेला 'सुलाफेस्ट' जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुमारास असतो. दिवाळीत तुम्ही नाशिकला जे चाखता, ते आधीच्या हंगामातल्या द्राक्षांचे असते. बागेत त्या वेळी नुकत्या फुटलेल्या कोवळ्या फुटी दिसतात. घड बघण्याच्या आशेने मुलांना नेणार असाल, तर हे आधीच सांगून ठेवा.

हा धंदा आपल्या अगदी शेजारचा आहे. १९८०च्या दशकात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी 'शातो इंडाज' उभी केली आणि तिथली फेसाळ वाईन परदेशात गेली. नंतर नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांची 'सुला' उभी राहिली आणि तिची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने वाईन उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण आणले. नाशिक परिसर 'वाईनची राजधानी' म्हणून ओळखला जाऊ लागला तो त्यानंतर.

वाईन म्हणजे दारू की नाही?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खूप गाजले. आपल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध उपोषणाचा इशारा दिला, पुढे ते उपोषण स्थगित झाले. शेतकऱ्याचा फायदा, महसूल, गावातली व्यसने असे या वादाचे अनेक पैलू आहेत आणि त्यांवर मतभेद असू शकतात. शरीराच्या बाजूने मात्र या प्रश्नाला एकच उत्तर आहे.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाच्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल कसे बनते हे इथल्या लोकांना सांगावे लागत नाही. मळीतून आलेले इथेनॉल आणि द्राक्षातून आलेले इथेनॉल हा एकच रेणू आहे. यकृत त्यांच्यात फरक करत नाही. फरक असतो तो फक्त प्रमाणाचा. ते प्रमाण असे मोजायचे:

- स्मॉल पेग (३० मिली व्हिस्की, ४२.८ टक्के अल्कोहोल): सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल
- वाईनचा एक ग्लास (१५० मिली, १३ टक्के): सुमारे १५ ग्रॅम
- स्ट्राँग बिअरची मोठी बाटली (६५० मिली, ८ टक्के): सुमारे ४० ग्रॅम
- वाईनची पूर्ण बाटली (७५० मिली): सुमारे ७७ ग्रॅम

म्हणजे वाईनचा एक ग्लास दीड स्मॉल पेगच्या बरोबरीचा आहे. दोघांनी जेवताना गप्पांच्या नादात एक बाटली संपवली, तर प्रत्येकाच्या पोटात जवळजवळ चार स्मॉल पेग गेले. "मी फक्त वाईन घेतली" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही.

मग ते हृदयाचे काय?

ही समजूत कुठून आली ते पाहू. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार तुलनेने कमी दिसतो, याचे श्रेय रेड वाईनला असावे, अशी मांडणी सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली. १९९१ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात ती दाखवली गेली आणि तिथे रेड वाईनचा खप एकदम वाढला. 'फ्रेंच पॅराडॉक्स' हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. आपल्याकडे ते व्हॉट्सॲपमार्गे अजून फिरते आहे.

पुढच्या संशोधनात त्यातल्या त्रुटी दिसल्या. जुन्या अभ्यासांत 'न पिणारे' या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही धरले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे निरोगी वाटले. शिवाय जेवणाबरोबर एखादा ग्लास वाईन घेणारी माणसे अनेकदा सुस्थितीतली, चांगले खाणारी आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणारी असतात. फायदा त्याचाही असतो. रेड वाईनमधल्या ज्या रेस्वेराट्रॉलचे गोडवे गायले जातात, ते एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. औषध म्हणून उपयोग व्हावा इतके ते पोटात जाण्यापूर्वी अल्कोहोलच आपला पराक्रम दाखवील.

दुसरी बाजू जास्त ठोस आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच अल्कोहोलयुक्त पेयांना पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग करणारे म्हणून निश्चित झालेले घटक ठरवले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही.

याचा अर्थ एक घोट घेतला की आजार झाला, असा नाही. धोका प्रमाणाबरोबर वाढतो. कमी घेतले तर कमी, न घेतले तर सगळ्यात कमी. म्हणून माझे पेशंटना सांगणे असे असते: जो घेत नाही त्याने तब्येतीसाठी म्हणून वाईन सुरू करू नये. जो चवीसाठी अधूनमधून थोडी घेतो, त्याने तिला औषध समजू नये.

चाखणे म्हणजे काय?

आता मला ज्याची उत्सुकता आहे त्या भागाकडे येतो. आपल्या परंपरेत रस सहा मानले आहेत. आधुनिक शरीरशास्त्र जिभेच्या मूळ चवी पाच मानते: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तिखट ही खरे तर जळजळीची संवेदना आहे आणि तुरट ही बरीचशी स्पर्शाची. जांभूळ किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तीच भावना रेड वाईनमधल्या टॅनिनमुळे येते.

बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो, ती बहुतांशी नाकाची करामत असते. तोंडातला गंध घशामागून नाकात चढतो आणि मेंदू दोन्हींची सांगड घालतो. सर्दीत पुरणपोळीही मातीसारखी का लागते, ते यावरून कळेल. कोविडमध्ये ज्यांचा वास गेला होता, त्यांना हे अनुभवाने माहीत आहे.

टेस्टिंगमध्ये आधी रंग पाहतात, ग्लास हलकेच गोल फिरवतात, हुंगतात आणि मग छोटा घोट तोंडात घोळवतात. सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये कधी ढोबळी मिरचीचा किंवा ओल्या गवताचा वास सापडतो, शिराझमध्ये काळ्या मिरीचा. रोज मसाल्याचा डबा उघडणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांची नाके यात पुरुषांपेक्षा तयार असतात, असे माझे निरीक्षण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: व्यावसायिक परीक्षक वाईन गिळत नाहीत, थुंकतात. त्यासाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते. आपल्या आजोबांच्या बैठकीत पिकदाणी असायची, तसलाच हा प्रकार. तिचा वापर करायला लाजू नका. वास आणि चव पूर्ण मिळते आणि अल्कोहोल अगदी थोडेच शरीरात जाते.

गाडी कोण चालवणार?

समजा सहा वाईन चाखल्या, प्रत्येकी ३० मिली. एकूण १८० मिली, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम अल्कोहोल. ६० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी अर्ध्या तासात एवढे गिळले, तर त्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडू शकते. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा नेमकी ३० मिलिग्रॅम आहे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने त्यांची पातळी आणखी चढते. पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

दंडाचे एक वेळ सोडा. नाशिकहून नगरला यायचे म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता, त्यात हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नसलेल्या. "नुसती चाखलीय" म्हणणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. ड्रायव्हर ठरवा किंवा मुक्काम करा.

कोणी चाखूही नये?

- गर्भवती आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया: एक घोटही नको.
- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे मधुमेही: अल्कोहोलच्या निचऱ्यात गुंतलेले यकृत नवी साखर तयार करू शकत नाही. त्यामुळे काही तासांनी, अगदी पहाटेही, रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे नातेवाइकांना 'चढली' अशी वाटतात आणि माणूस झोपू दिला जातो. अशा वेळी आधी साखर तपासा.
- यकृताचा आजार, स्वादुपिंडाला पूर्वी आलेली सूज किंवा खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड: पूर्ण वर्ज्य. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आले असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.
- हृदयाचे ठोके अनियमित होणारे: सुट्टीत जास्त दारू घेतल्यावर ठोके बिघडून दाखल होणाऱ्या पेशंटांवरून १९७८ साली 'हॉलिडे हार्ट' हे नाव पडले. यात हृदय आधी ठणठणीत असलेले लोकही होते.
- मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असलेले: जुलाबासाठी किंवा दाढेसाठी ही औषधे सर्रास दिली जातात. त्यांच्यासोबत अल्कोहोल घेतल्यास उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद होणे असा त्रास होऊ शकतो. कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबा.
- झोपेच्या, फिटच्या किंवा सुस्ती आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या घेणारे, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणारे, आणि सल्फाइटने दमा उसळणारे.

आणखी एक गट आहे. बरेच जण श्रावण आणि नवरात्र कडक पाळतात. ते चांगलेच. पण दारू बंद करताच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भास होणे किंवा फिट येणे असे झाले, तर ते उपवासाने झालेले नाही. शरीराला दारूची सवय जडली आहे, त्याची ती खूण आहे. त्याला लगेच उपचार लागतात. रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एका दिवसात दारू तोडू नये, तेही यासाठीच.

"वाईनच तर आहे, घे की घोटभर"

आमच्या ग्रुपमध्ये नाशिकचा बेत ठरला, तेव्हा एका मित्राने लिहिले, "मजा करा. मी पुढच्या वेळी." त्याने सहा वर्षांपूर्वी दारू सोडली आहे. उपचार घेतले, दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मला वाईनची भीती नाही रे. 'वाईन म्हणजे काय दारू आहे का' म्हणणाऱ्या मित्रांची भीती वाटते."

त्याची भीती वैद्यकीयदृष्ट्या रास्त आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या मेंदूत वास, ग्लासांचा आवाज, जुनी मित्रमंडळी या साऱ्यांच्या आठवणी दारूशी जोडलेल्या राहतात. वर्षे गेली तरी त्या एका क्षणात ओढ जागी करतात. पहिल्या घोटानंतर थांबण्याची शक्तीच या आजारात गेलेली असते. त्याला 'थोडी' हा पर्याय नाही. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी असलेल्या पेशंटला आपण "अर्धी गोळी घे" म्हणत नाही, तसेच हे.

मग आम्ही बेत बदलला. दोन्ही रात्रींची जेवणे एका मित्राच्या मळ्यावर ठेवली आहेत आणि तिथे बाटली येणार नाही. टेस्टिंग फक्त एका सकाळी, ज्याला हवे त्याने जायचे. त्या वेळात तो आणि आणखी दोघे पांडवलेणी चढणार आहेत. कोणी कोणाला का येत नाहीस, असे विचारायचे नाही, हेही ठरले आहे. आता तो येतो आहे.

तुमच्याही घरात, ऑफिसात, भावकीत असा कोणी असेल. कदाचित तुम्हाला ते माहीतही नसेल. म्हणून नियम सोपा ठेवा: कोणी नको म्हटले, की दुसऱ्यांदा विचारायचे नाही आणि कारणही विचारायचे नाही. मदत हवी असेल, तर पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून हे काम करते आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे.

जाणारच असाल तर

- निघण्यापूर्वी पोटभर जेवा. भाकरी, भाजी, डाळ, दही काहीही चालेल. रिकाम्या पोटी अल्कोहोल भराभर रक्तात जाते.
- प्रत्येक नमुन्यानंतर तेवढेच पाणी प्या.
- तीन-चार नमुने पुरेत. पिकदाणी वापरा.
- टेस्टिंगनंतर वर 'एक ग्लास' नको. चाखणे तिथेच संपते.
- दिवाळीच्या फराळाने आधीच आम्लपित्त झाले असेल, तर त्या आठवड्यात टाळा.
- चालू औषधांची चिठ्ठी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, आम्ही रागावत नाही.
- ज्यांना घ्यायची नाही त्यांच्यासाठी ताजा द्राक्षरस किंवा सोलकढी त्याच टेबलावर, तशाच चांगल्या ग्लासात ठेवा.

शरद ऋतूत एकत्र बसायला वाईनच हवी, असेही नाही. आपली कोजागरी आहे, चांदण्यातले आटीव मसाला दूध आहे. थंडी पडली की जामखेड-कर्जतकडे ज्वारीचा हुरडा सुरू होतो. गोवरीच्या आगटीभोवती बसून, तळहातावर चोळून दिलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. त्यालाही वास आहे, चव आहे आणि गप्पा तर तिथे जास्त रंगतात. मधुमेह्यांनी गूळ आणि हुरड्याचे प्रमाण सांभाळावे, एवढी एकच सूचना त्याला जोडतो.

दसरा आणि दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. चाखा, हुंगा, गप्पा मारा आणि रात्री सगळे सुखरूप घरी पोहोचा.